मोहाच्या झाडावरची तार

दिवाळी सरली होती, ज्वारी कणसात भरली होती. भागाबाई पिंपळनेरजवळच्या माहेरी निघाली, तेव्हा तिच्या नवऱ्याने, अभिमनने, एसटीत एक लाकडी पेटी, मोटारसायकलची बॅटरी आणि दोन अँटेना चढवल्या. देवपूरच्या एका कॉलेजात तो प्रयोगशाळा सांभाळायचा, आणि सरकारी परवाना काढून हौसेने त्या पेटीतल्या बिनतारी यंत्रावर चावी ठोकत, मोर्सच्या खुणांनी परमुलखातल्या माणसांशी कट्ट-कडकट्ट बोलायचा. आता त्याला कुठेही नेता येईल अशी अँटेना निवडायची होती.

एक होती मुंबईहून मागवलेली, ओढली की लांबणारी चकचकीत काठी. दुसरी नुसती तांब्याची तार.

"हाई ते कपडा वाळत घालानी दोरी शे," भागाबाई म्हणाली.

उन्हं कलल्यावर अभिमनने बांधावर काठी उभी केली. हेडफोनमध्ये नुसती फुसफुस. मग तार मोहाच्या झाडावर चढवायला त्याने दगडाला सुतळी बांधून भिरकावली. दगड फांदीपर्यंत पोचेना.

भागाबाईचं लहानपण शेतातल्या माळ्यावर पाखरं राखण्यात गेलेलं. तिने भावाची गोफण आणली. पहिल्यांदा सुतळी गुंतली. दुसऱ्यांदा दगड थेट शेंड्यावरून पलीकडे. सुतळीने तार वर ओढली, दोन्ही टोकं बांधाकडे ताणून बांधली.

अभिमनने हेडफोन कानाला लावला. त्याने एक बाजू तिच्या कानाशी धरली. टिटवीसारखे बारीक, स्वच्छ स्वर येत होते.

"कोन बोली ऱ्हायनं?"

"सैबेरियाना माणूस. तठे बरफ पडी ऱ्हायना."

तिने ज्वारीवर पडलेलं पिवळं ऊन पाहिलं. बॅटरी तीच, पेटी तीच. आणि हा माणूस हिमात बसून बोलतोय!

"तार मी टांगी, हाई सांगा ना तेस्ले. मनं नाव भी सांगा."

अभिमनने चावी ठोकली. थोडा वेळ नुसता खरखराट. मग स्वर पुन्हा आले, सावकाश, जणू नवखं नाव जपून उच्चारत.

"हाई तुनं नाव," अभिमन पुटपुटला. "भा... गा..."

त्या माणसाने ते परत एकदा पाठवलं. मग आवाज विरळ होत गेला. काठी अभिमनने पिशवीत घातली ती त्याने पुढे कुठे नेली नाही.

भागाबाईने तार मात्र लगेच उतरू दिली नाही. दिवस मावळेपर्यंत ती झाडाखाली मान वर करून उभी होती. तार वाऱ्याने जराशी हलत होती, बाकी काहीच दिसत नव्हतं.