दोन तुटक रेघांची पाणंद

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण भीमेच्या काठी एक पाणंद होती आणि ती एका माणसानं सबंध गिळली. वर ढेकर म्हणून पत्र्याचं गोडाऊन उभं केलं.

माणसाचं नाव ज्ञानदेव. खुटबावकडून नदीकडं उतरताना त्याची जमीन लागते. तिच्या मागं पोपटरावांचा आणि रहीमचा ऊस, आणि उसामागं नदी, पलीकडं शिरूर तालुका. मधून गाडीवाट जायची, तीच ही पाणंद. रांजणगावकडचा माल ठेवायला ज्ञानदेवानं गोडाऊन बांधलं, भोवती भिंत घातली आणि पाणंदीच्या तोंडाला लोखंडी फाटक बसवलं. दुसरी वाट नाही. ऊस तोडीला आला, ट्रॉली काय नदीतून पोहत जाणार?

"आप्पा, एवढं काय? तोडीच्या टायमाला मला इचारा, मी फाटक उघडीन," ज्ञानदेव म्हणाला. त्याच्या ऑफिसात आजोबांचा, गेनूआबांचा, फोटो होता. आबा खिल्लारी जोडीची वेसण धरून उभे. हार आबांना एक आणि बैलांना दोन.

"बापजाद्यांच्या वाटेनं जायला तुला इचारू?" पोपटराव म्हणाले. "ऊस उभा वाळला तरी चालंल. आन् वाट माझी असती तर एकवेळ सोडली असती. गावाची हाय. ती मी कशी सोडू?"

आता पोपटराव म्हणजे गावातला नंबर एकचा थापाड्या. त्यांनी ऊन पडलंय म्हटलं तरी लोक आधी वर बघायचे. त्यामुळं त्यांच्या शब्दावर कुठलं फाटक उघडणार नव्हतं. मग रहीमच्या लेकीनं, सनानं, मनावर घेतलं. ती कुरकुंभच्या कंपनीत लॅबला. सुट्टी काढून तिनं तहसीलीत पाहणीसाठी अर्ज दिला, गावाच्या जुन्या नकाशाची नक्कल आणली आणि ओसरीवर पसरली. शेजारी मोबाईल ठेवला.

मोबाईलच्या नकाशात नुसता राखाडी पत्रा. वाटेचं नाव नाही. जुन्या नकाशात मात्र गावापासून नदीपर्यंत दोन तुटक रेघा, जोडीनं चाललेल्या.

"आप्पा, विहीर जुळली, ओढ्याचं वळण जुळलं," सना म्हणाली. "रेघा बरोब्बर गोडाऊनखालनं जातात."

"जाणारच. हा नकाशा काढणारा साहेब माझ्या आज्याच्या पाठीवर बसून नदी उतरला हुता. खाली मगर, वर आजा, त्येच्यावर साहेब."

"परवा मगर नव्हती," चहा घेऊन आलेली सुगराबी, रहीमची बायको, म्हणाली.

"परवा ती पलीकडच्या तीराला हुती."

सनानं मोबाईलवर मागच्या सालांची उपग्रहाची चित्रं उघडली. गोडाऊन नाहीसं झालं, तिथं ज्ञानदेवाचा गर्द हिरवा ऊस दिसला. आणि त्या उसातून एक फिकट पट्टा, नदीकडं गेलेला.

"इथलाच ऊस असा खुजा का, आप्पा?"

पोपटराव मोबाईलवर वाकले. या खेपेला मगर निघाली नाही.

"गाड्यांच्या चाकांच्या लोखंडी धावांनी चेपलेली जमीन हाय ती, पोरी. पिढ्यान् पिढ्या. ज्ञानदेवानं नांगरली आन् ऊस लावला, तवा आपुन बांधाबांधानं ट्रॉल्या काढल्या, पण जमीन ऐकंना. ती अजून वाटच हाय."

"हेच मी पाहणीला सांगणार. तुम्ही मात्र तोंड उघडायचं नाही. एक थाप मारलीत, तर आपलं खरंसुद्धा खोटं ठरेल."

"न्हाई उघडत," पोपटराव म्हणाले. ही त्या दिवसाची दुसरी थाप.

पाहणीला नायब तहसीलदार मॅडम आल्या. फाटकासमोर गाव गोळा झालं. सनानं नकाशा धरला, मोबाईल दाखवला, खुजा ऊस दाखवला.

ज्ञानदेव हसला. "मॅडम, पाणंद कुठली? ओघळ हाय ती. पावसाचं पाणी जायचं. आन् तो पट्टा खारवट जमिनीचा. हितून गाडी कवाच गेली न्हाई."

मॅडमनी नकाशा उलटसुलट पाहिला. "रेघा जुळतात. पण इथून गाड्या जात होत्या, हे ज्याचा यात फायदा नाही असं कुणी सांगेल का? जे बोलाल ते पंचनाम्यात येईल."

लोक आपापल्या चपला बघू लागले. कुणाचा पोरगा ज्ञानदेवाच्या गोडाऊनला कामाला, कुणाचा टेम्पो लावलेला. रहीमनं मान खाली घातली. तेवढ्यात पोपटराव खाकरले. सनानं डोळे वटारले. उपयोग झाला नाही.

"मॅडम, मी खोटं सांगणार न्हाई," ते म्हणाले, आणि सुगराबीनं तोंडाला पदर लावला. "हितून हत्ती जायचे."

"लिहा मॅडम, हत्ती लिहा!" ज्ञानदेवानं टाळी वाजवली.

"शिरूरच्या बाजाराला जायचे. एकदा ह्या ज्ञानदेवाचे आजे गेनूआबा गाडी जुंपून निघाले. मागनं रहीमच्या आज्याची गाडी. आता गेनूआबांची बैलं काय सांगावी! एवढी गरीब, की शिंगांत चिमण्यांनी घरटी केलेली."

ज्ञानदेवाचं हसू जरा आखडलं.

"रहीमच्या आज्याची जोडी वाऱ्यागत पुढं गेली. गेनूआबांच्या बैलांनी तिथंच बसकण मारली. चाबूक झाला, पाया पडून झालं. शेवटी आबांनी दोन्ही बैल गाडीत बसिवले आन् सोता जू खांद्यावर घेतलं."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. ज्ञानदेवाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आप्पा, बास," तो म्हणाला.

"बास कसं? नदीपातुर वढत नेली की! पलीकडच्या चढाला आबांना धाप लागली, तवा डावा बैल वाकून म्हणाला, 'गेनू, दम खा जरा, आपल्याला कुठं पहिलं यायचंय?'"

सगळं गाव खदखदून हसलं. मॅडमनीसुद्धा ओठ दाबले, पण हातातलं पेन थांबलं नव्हतं. ज्ञानदेव तरातरा पुढं आला, पोपटरावांच्या छातीला छाती भिडवली आणि पार नदीपलीकडं ऐकू जाईल असा ओरडला,

"खोटं! साफ खोटं बोलतोय म्हातारा! आमच्या आबांची बैलं रोज ह्याच पाणंदीनं नदीला जायची, आन् कुणाच्या बापाच्या गाडीला त्यांनी कवा पुढं जाऊ दिलं न्हाई!"