नजरेची पाटी

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. पण खडूची नव्हे. माझ्यावर कुणी लिहीत नाही, माझ्यातून आरपार पाहतात. एका कडेला मला तडा गेला आहे, दोन-तीन अक्षरांचा रंग उडाला आहे. तरी मला भंगारात काढायचा विचार कुणाच्या मनात असेल, तर आधीच सांगते, मी मुकाट्याने जाणाऱ्यांतली नाही.

एका रंगाऱ्याच्या हातून माझा जन्म झाला. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदा. त्यांच्या भाचीला, म्हणजे आमच्या ताईला, जन्मापासून हातपाय हवे तसे हलवता येत नव्हते, बोलता येत नव्हतं. पोटात नळीवाटे अन्न जायचं, अधूनमधून झटके यायचे. आई मात्र तिला मांडीवर घेऊन, ओळीखाली बोट धरून पुस्तकं वाचून दाखवायची. "हिला सगळं कळतं," असं ती म्हणाली की लोक मान डोलवून विषय बदलायचे.

मामांनी विषय बदलला नाही. पारदर्शक प्लास्टिकचा एक उरलेला तुकडा घेऊन त्यांनी कडेकडेने अक्षरांचे पुंजके रंगवले, पुंजक्यातल्या प्रत्येक अक्षराचा रंग वेगळा, आणि त्याच रंगांचे ठिपके खालच्या कडेला. समोरच्याने मला दोघांच्या मधे उभं धरायचं. ताईने आधी पुंजक्याकडे पाहायचं, मग हव्या त्या रंगाच्या ठिपक्याकडे. झालं अक्षर! घाईत मामा 'ळ' विसरले आणि मग तो कडेला कसाबसा कोंबला.

बरं झालं कोंबला. अकरा वर्षांच्या ताईने माझ्यातून काढलेला पहिला शब्द होता 'कंटाळा'. आई आधी खो खो हसली, मग ढसाढसा रडली.

पुढची वर्षं माझी भरभराटीची. ताई माझ्यातून भांडली, चिडवून बोलली, तिने शेजारणीच्या गाण्याला नावं ठेवली. घरी येणारे जाणारे माझं कौतुक करत. पुढे एक बोलकं यंत्र आलं आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. दोन वर्षांनी ते यंत्र दुरुस्तीला गेलं, ते गेलंच. तोवर मायलेकींचं नुसत्या नजरेवर भागू लागलं होतं. वर पाहिलं की हो, डोळे घट्ट मिटले की नाही. मला कोण विचारतो? मी धूळ खात पडले.

मग एके दिवशी आई मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ती रुग्णालयात, आणि ताई घरी, रोज बदलणाऱ्या बायांच्या हाती. ताई तेव्हा चौतीस वर्षांची होती.

चार आठवड्यांत दिव्यांगांच्या मदतीचं काम पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाने ठरवलं, की हिला दूरच्या निवासी केंद्रात हलवावं. तिथे चोवीस तास माणसं असतात, सुरक्षित राहील. कागद तयार करायला त्यांनी एका बाईंना पाठवलं. ज्यांच्या गरजा एका डॉक्टरच्या, एका खात्याच्या आवाक्यात बसत नाहीत, अशांच्या मदतीची जुळवाजुळव करणं हे त्यांचं काम. मी त्यांना जुळवणाऱ्या बाई म्हणते.

बाईंनी कागद काढलाच नाही. तीन दिवस त्या कोपऱ्यात स्टुलावर बसून नुसतं पाहत राहिल्या. नऊ वाजता झटक्यांचं औषध. दहा वाजता ताईला गाढ गुंगी. नेमके दहालाच व्यायाम करून घेणारे यायचे आणि वहीत लिहायचे, 'सहकार्य करत नाही'. मागची पानं चाळली, तर तेच वाक्य अकरा वेळा. ताईची चाकांची खुर्ची नीट करणाऱ्या खुर्चीवाल्याने डोक्याचा आधार पुढे सरकवला होता, त्यामुळे ताईला वर पाहता येईना. म्हणजे तिचा 'हो'च कुणी काढून घेतला होता! जो तो आपापलं काम चोख करत होता, पण एकाचं दुसऱ्याला ठाऊक नव्हतं.

बाई तडक रुग्णालयात आईकडे गेल्या. "तुमच्या मुलीला काय हवंय, हे मी कसं विचारू?"

"कपाटामागे पाटी आहे," आई म्हणाली. "माझीच चूक झाली. मला कळतंय म्हणून जगाला कळतंय, असं धरून चालले."

अशी मी पुन्हा उजेडात आले. बाईंनी ओल्या फडक्याने मला पुसलं आणि आईने सांगितलेल्या रीतीने ताईसमोर धरलं. ताईने एकेक अक्षर वेचलं: 'इतका उशीर?'

मग बाईंनी डॉक्टर, परिचारिका, व्यायामवाले, खुर्चीवाले, कार्यालयाचे साहेब, सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवलं. टेबलाच्या मुख्य जागी ताईची खुर्ची. साहेब भले गृहस्थ होते, पण कागदापलीकडे पाहायची सवय नव्हती.

"बाई, पाटी तुम्ही धरणार, वाचणार तुम्ही," ते म्हणाले. "हे तीच म्हणतेय कशावरून?"

"मग तुम्हीच धरा ना," बाई म्हणाल्या. रीत समजावली, मला त्यांच्या हाती सोपवलं आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभ्या राहिल्या.

साहेबांनी मला धरलं. पहिलं अक्षर यायलाच दोन मिनिटं गेली. उ. मग ल. मग टी.

"उलटी?" साहेब दचकले. "अहो, हिला मळमळतंय! कुणीतरी भांडं आणा!"

परिचारिका धावली. ताईने डोळे घट्ट मिटले. नाही! मग पुन्हा पुंजका, पुन्हा ठिपका: 'पाटी'.

साहेबांनी मला निरखलं. अक्षरांची बाजू त्यांनी स्वतःकडेच धरली होती, ताईला सगळी अक्षरं उलटी दिसत होती. खोली हास्याने दणाणली. ताई तर अख्ख्या अंगाने हसली. साहेबांनी ओशाळून मला फिरवलं. कशावरून, हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

पुढची चार अक्षरं त्यांनी एकेक करून वाचली: 'घर माझं'.

ताईला हलवायचं रद्द झालं. औषधाची वेळ डॉक्टरांनी बदलली, खुर्चीचा आधार मागे गेला. कोण कधी येतं, काय करतं, हे सगळ्यांसाठी एकाच वहीत लिहायचं ठरलं. घरी राहणाऱ्या दोन मदतनीस ताईने स्वतः पारखून घेतल्या. पहिल्या उमेदवार बाई ताईऐवजी सोबतीला आलेल्या तिच्या चुलतबहिणीलाच प्रश्न विचारत होत्या. ताईने स्वच्छ सांगितलं: 'नको'. आई काठी टेकत घरी आली आणि कितीतरी वर्षांनी दुपारची निवांत झोपली.

सगळं गोड झालं, असं मात्र समजू नका. साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांकडून तेच हलवण्याचं पत्र आलं. मदतनीस घाबरल्या. ताई घाबरली नाही. तिने माझ्यातून दीड तास खपून उत्तर लिहवून घेतलं. त्यातलं शेवटचं वाक्य मला पाठ आहे: 'मला भेटायला या, येताना वेळ घेऊन या.' नवे साहेब आले. तासभर बसले. पत्र मागे घेतलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझ्यासारखी पाटी कुणीही तासाभरात रंगवेल. मागणं आहे ते निराळंच. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या डोक्यावरून दुसऱ्याला "याला काय हवंय?" असं विचारू नका. त्याच्यासमोर बसा, त्यालाच विचारा. उत्तराला पाच मिनिटं लागली तर पाच मिनिटं थांबा. आणि ते उत्तर 'नाही' असलं, तर ते 'नाही'च वाचा.