लाल भुशाचे रुमाल

“नाकातून रक्त कधीपासून येतंय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“झाले असतील पंधरा दिवस,” सुतार म्हणाला.

शेजारी बसलेल्या बायकोनं मान खाली घातली. पंधरा दिवस कुठले! चार महिने तीच तर त्याचे रुमाल धूत होती. कारखान्यात लाल लाकडाचं काम. घासकाम करणाऱ्या प्रत्येकाचा रुमाल संध्याकाळी लालच. झटकला की निम्मा भुसा जायचा, उरलेला पाण्यात सुटायचा. हल्ली मात्र डाग सुटत नव्हता. या खेपेचं लाकूडच जास्त रंग सोडत असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. रोजच्या प्रार्थनेत ती त्याच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी मागायची. नाकाचं नाव काढलं तर ते खरं होईल, ही धास्ती.

तीन वर्षांपूर्वी डाव्या नाकपुडीतला मांसाचा गोळा काढला, तेव्हा याच बाईंनी बजावलं होतं, “गाठ साधी आहे, कॅन्सर नाही. पण ही जात पुन्हा उगवते, आणि थोड्या जणांत पुढे कॅन्सर निघतो. दर सहा महिन्यांनी दाखवायचंच.” त्यातलं ‘साधी’ एवढंच त्यानं घरी आणलं. दोनदा दाखवलं. मग, “सारखी दुर्बीण लावून बघायला माझं नाक म्हणजे काय आकाश आहे?” म्हणून हसण्यावारी नेलं. तीही हसली होती.

बाईंनी नाकातला तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर. डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचलेला.

“थोडं आधी आला असतात, तर...” म्हणून बाई थांबल्या.

घरी आल्यावर तिनं मंद आचेवर दूध ठेवलं. तो शेगडीशेजारी स्टुलावर टेकला, डोळे मिटून. तिच्या पोटात ठेववेना.

“अहो, मला दिसत होतं. रुमालाचा डाग निघायचा नाही. मी बोलायला हवं होतं.”

“मला दिसत नव्हतं होय? नाक माझंच ना! तू काही विचारेनास, म्हटलं, मग नसेलच काही.”

“आणि मला वाटलं, तुम्ही बोलत नाही म्हणजे...”

नाकातोंडावर टॉवेल दाबून ती रडत राहिली.

खिडकीतून शेजारीण ओरडली, “वहिनी, दूध करपतंय हो!”

तो भांड्यापासून हातभर अंतरावर होता. त्यानं डोळे उघडले, हुंगून पाहिलं.

“आपलं?” त्यानं विचारलं.