उडीपुरता धरलेला सूर

नाच-एक

कीबोर्डवालीच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा नाचाच्या क्लासच्या बाईंनी स्पष्टच सांगितलं: रेकॉर्डिंग करून पाठवा, नाहीतर तुमच्या जागी दुसरी बसवावी लागेल. जागा म्हणजे आरशाशेजारचं स्टूल. पाठ दुखवणारं, पण तिचं.

नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. ज्याला वायर असते ते आपलं ऐकतं, असा त्याचा समज. त्याने घरातल्या कॉम्प्युटरला माइक लावला, ती वाजवायला बसली आणि पहिल्याच उडीपाशी अडली. क्लासमध्ये ती पट्ट्यांकडे बघत नसे, मुलींच्या पायांकडे बघे. पोरगी हवेत असेतो सूर धरायचा, पाय टेकला की सोडायचा. इथे समोर कपाट.

नाच-एक-नीट

"अहो, तुम्ही मारा ना उड्या."

"मी?"

"मग काय कपाटाला सांगू?"

नवऱ्याने पँट वर दुमडली आणि मारल्या. मग दोघांनी ऐकलं. वाजलं होतं छान, फक्त मधूनमधून कुणीतरी जिन्यावर गोणी टाकत होतं.

नाच-शेवटचं

माइक बाद. त्याने कीबोर्डच्या हेडफोनच्या भोकातून थेट कॉम्प्युटरला वायर जोडली. कीबोर्ड जागच्या जागी मुका झाला. घातलात ना मातीत, ती म्हणाली. आवाज मेला नाही, बाहेर यायचा तो आत चाललाय, असं सांगून त्याने पडद्यावरची हलती रेघ दाखवली.

मग ती मुक्या पट्ट्या दाबत होती, तो ऐकू न येणाऱ्या गाण्यावर उड्या मारत होता, आणि बाहेरून कुणी पाहिलं असतं तर

तर काही नाही. कुणी पाहिलं नाही. खालच्या मजल्यावरच्या वकिलांनी काठीने छत ठोकलं, तेही रेकॉर्ड झालं नाही.

नाच-शेवटचं-आता-नक्की

स्वच्छ. पाठवलं.

(फाइल नाही, फोन)

ऑपरेशन झालं. हात गळ्यात बांधून ती घरी बसली होती, तेव्हा बाईंचा फोन आला. पोरी अजून हवेत असतात आणि सूर केव्हाच जमिनीवर, त्या म्हणाल्या. आणि मध्ये एक सूर एवढा लांबलाय की मुली उतरून पाणी पिऊन आल्या. हे नक्की कुणाला बघून वाजवलंय?

तिने खरं ते सांगितलं. पाणी नवराही तिथेच प्यायला होता.



"डावा हात चालतो ना?" बाईंनी विचारलं.

"चालतो."

"मग सोमवारी या. डाव्याने वाजवा. पण मुलींकडे बघून."

तिने फोन ठेवला. गुडघ्याला मलम चोळता चोळता नवऱ्याने विचारलं, पसंत पडलं का.

"नाही," ती म्हणाली, आणि हसू दिसू नये म्हणून खिडकीकडे वळली.

नवऱ्याचं तोंड उतरलं.

"दुसऱ्या उडीला जरा कमी पडलो मी," तो म्हणाला.