मास्तरांनी घातलेली कळी

आमचे हे शिंपी. नुसतं शिंपी म्हटलं तर चालत नाही, मास्तर म्हणायचं. दुसऱ्याने शिवलेलं काही दिसलं की यांनी नाक मुरडलंच म्हणून समजा. लग्नात माझ्या वडिलांच्या कोटाची बाही चुकलीय असं भर मांडवात सांगणारा हा माणूस. वडिलांनी ऐकून घेतलं, मीही ऐकून घेतलं, आणि तिथेच चुकले.

मी वीस वर्षं बेकरीत पावाचं पीठ मळते. उभ्याने. डाव्या पायाच्या शिरा फुगून गाठी झाल्या आणि घोट्याच्या वर जखम झाली, ती काही भरेना. मॅनेजरने स्पष्ट सांगितलं की उघडी जखम घेऊन पिठाजवळ यायचं नाही. दोन महिने जागा राखतो, तेवढ्यात बरी हो. मला ती जागा हवी होती. घरी मला चहा ढवळायलाही शिकवणारे हे आहेत, तिथे मात्र चारजणी माझ्याकडून शिकायच्या.

डॉक्टरीणबाईंनी शिरेत फेसाचं इंजेक्शन दिलं. कागदावर चित्र काढून समजावलं. फेस रक्ताला बाजूला सारतो आणि शिरेच्या आतल्या अस्तराला चटका देतो. मग भिंती सुजतात, एकमेकींना चिकटतात, शीर बंद होऊन दोरीसारखी होते आणि हळूहळू विरून जाते. पण चिकटेपर्यंत त्या भिंती दाबून धरायला हव्यात, म्हणून मांडीपर्यंतचा घट्ट मोजा, तीन आठवडे. हे शेजारीच बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, अस्तर असं कुठे चिकटवतात का, ते शिवायचं असतं. घ्या! अकलेचे तारे.

मोजा चढवायला रोज अर्धा तास लागायचा आणि काढला की पोटरीवर लाल वळ दिसायचे. वळ बघून यांचा जीव कासावीस व्हायचा. माझ्यासाठी नव्हे हो, मोज्यासाठी. अंगावर वळ उठवणारा कपडा म्हणजे कापणाऱ्याला काम येत नाही, असा यांचा सिद्धान्त.

पाचव्या दिवशी मोजा एकदम सहज चढला. मी म्हटलं, सैल कसा काय झाला? वापरून वापरून होतो, म्हणाले. मला बरं वाटत होतं, मी विश्वास ठेवला. एवढी वर्षं संसार करून यांच्यावर विश्वास ठेवला, म्हणजे मीही धन्यच.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाई सोनोग्राफीचं मशीन पायावर फिरवत राहिल्या. भिंती चिकटल्याच नव्हत्या. मध्ये रक्त भरून गोठलं होतं, आणि एका जागी वाट पुन्हा मोकळी झाली होती. जखम होती तशीच. मोजा काढून ठेवत होता का, त्यांनी विचारलं. मी आईची शपथ घेतली. मग त्यांनी मोजा उलटा केला. पोटरीच्या जागी बोटभर रुंद मऊ कापडाची पट्टी जोडलेली. टाका इतका बारीक की शोधावा लागला.

"हे कोणी केलं?"

"मी," हे खुर्चीत ताठ होत म्हणाले. "कळी घातली. माप चुकलं होतं त्यांचं."

डॉक्टरीणबाईंनी मोजा बाजूला ठेवला आणि नव्या इंजेक्शनचा कागद लिहायला घेतला. मला यांची लाज वाटली, आणि त्याहून जास्त चीड आली. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा मोजा, आणि जखम भरायला आणखी दोन महिने तरी लागणार होते. सगळं माझ्याच पायावर.

तिथून मी थेट बेकरीत गेले, लंगडत, हे मागोमाग. मॅनेजरसमोर हात जोडले. तो वाईट माणूस नाही. पण आणखी थांबणं जमणार नाही म्हणाला, माझ्या बदली ठेवलेली बाई आता कायमची घेतो म्हणाला. काचेपलीकडे ती माझ्या टेबलापाशी उभी होती. माझ्याच उंचीची, हात चांगला चालत होता तिचा. मला रडू आवरेना.

हे काचेला नाक लावून तिच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता तरी कळलं असेल. इतक्यात ती पिठाचे हात पुसत बाहेर आली, आणि मी डोळे पुसते आहे तोवर हे तिला म्हणाले, "बाई, एप्रन खांद्यात उतरलाय तुमचा. उद्या दुकानात आणून द्या, नीट करून देतो."