आगोटीची खोली

आमचं घर तीन खोल्यांचं आणि त्यातली एक खोली बोंबलांची. म्हणजे कागदावर ती बेडरूमच आहे. गोडदेव गावातली आमची शेतजमीन बिल्डरला दिली, तेव्हा बदल्यात मिळालेल्या या फ्लॅटच्या नकाशात तिथे पलंगसुद्धा काढला होता. पण गेली सहा वर्षं तिथे पलंग नाही, पोती आहेत.

माझ्या सासूबाई, जिजाबाई, दर मे महिन्यात आगोट भरतात. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. होड्या बंद, शेतात पाणी, बाजार लांब, म्हणून चार महिने पुरेल एवढं सगळं आधीच घरात आणून ठेवायचं. तांदूळ, मसाला, चिंच, कांदे, सुकट आणि उत्तनच्या किनाऱ्यावरचे सुके बोंबील. आता आमच्या शेतांवर टॉवर उभे आहेत, खाली उतरलं की भावेशभाईंचं दुकान आहे, आणि फोनवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत कोथिंबीर दारात येते. पण हे सासूबाईंना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला. आत कुणी जायचं नाही, लागेल ते त्याच काढून देणार. "भलत्याचा हात लागला त मसाल्याला जाली लागते," असं त्यांचं म्हणणं. सतरा वर्षं या घरात राबलेली सून म्हणजे भलती.

मीही सोडून दिलं असतं. पण आमची पूर्वी यंदा दहावीत गेली. पोरगी गॅलरीत वॉशिंग मशीनच्या शेजारी टेबल टाकून अभ्यास करते. मशीन कपडे पिळायला लागलं की तिची भूमिती थरथरते. मी नवऱ्याला, साईराजला, म्हटलं, आईंशी बोला. ते म्हणाले, बघू. लग्न झाल्यापासून ते बघतच आहेत.

अशात माझा धाकटा दीर हृतिक तीन आठवड्यांच्या सुट्टीवर कॅनडाहून आला. साईराजनंतर सोळा वर्षांनी झालेलं शेंडेफळ. सहा वर्षांपूर्वी शिकायला गेला, तिथेच नोकरीला लागला. आल्यापासून तो हॉलमधल्या सोफ्यावर झोपत होता आणि डोळे उघडल्यापासून आम्हाला कॅनडा सांगत होता.

तिथे म्हणे गोडाऊनएवढं दुकान असतं. आत जायला कार्ड लागतं. ढकलगाडी एवढी मोठी की पूर्वी मांडी घालून बसेल. अंडी घ्यायची तर साठ, टिश्यूचे रोल तीस, चीजचा ठोकळा उशीएवढा. "आणि आये, आवडलं नाही तर अर्धं खाल्लेलं पण परत घेतात."

"आनि त्ये खरकटं मंग कोन खातं?" सासूबाईंनी विचारलं. यावर हृतिक कॅनडा सोडून जपानला गेला.

त्याचा एक मित्र जपानमध्ये आहे. तो रोज ऑफिसातून येताना अर्धा कोबी आणि दोन गाजरं आणतो, कारण घरात तिसरं गाजर ठेवायला जागा नाही. मला त्या जपानच्या गाजरांबद्दल फार आपुलकी वाटली. मी सासूबाईंना म्हटलं, "बघा आई, किती सुटसुटीत." पण त्या तिकडे लक्ष न देता हृतिकला विचारत होत्या, "साठ अंडी किती दिवस पुरतात रं?"

"दोन आठवडे."

"एकटाच खातोस?"

"एकटाच राहतो ना आये मी."

सासूबाई बोटांवर काहीतरी मोजत बसल्या. मला वाटलं, एकादश्या मोजतायत.

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच शिजत होतं. काशीमीऱ्याला हायवेच्या कडेला तसलंच एक घाऊक दुकान दोन वर्षांपूर्वी उघडलं होतं. कार्ड मिळायला दुकानाचं लायसन्स हवं, आणि माझ्याकडे 'पूर्वी ब्लाउज सेंटर'चा गुमास्ता होता. सासूबाईंना एकदा नेऊन दाखवायचं की बाई, छतापर्यंत माल आहे, बारा महिने आहे, घरात भरून ठेवायची गरज नाही. आगोट बंद. खोली पूर्वीला. इतका बिनतोड डाव मी आयुष्यात रचला नव्हता.

रविवारी सकाळी आम्ही तिघं रिक्षाने निघालो. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या आणि बरोबर चार रिकाम्या गोण्या घेतल्या होत्या. दारात वॉचमनने अडवलं. "एक कार्ड पे दो ही लोग."

हृतिकला आनंदच झाला. "सेम रूल आये, सेम! तिथे पण एका कार्डावर एका घरातली दोनच माणसं. पत्ता एक असावा लागतो." सासूबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मी वॉचमनला सांगितलं, "भैया, ये तो सामान उठाने आया है." वॉचमनने हृतिकचे कॅनडाचे बूट पाहिले, सासूबाईंच्या गोण्या पाहिल्या आणि सोडलं.

आत गेल्यावर सासूबाई मान वर करून थांबल्या. फळ्यांवर फळ्या, तेलाच्या डब्यांचे मजले. मला वाटलं, अर्धं काम झालं. पण त्या सुट्या तांदळाच्या पिंपाशी गेल्या, मूठभर दाणे हातावर घेतले, चार तोंडात टाकले आणि म्हणाल्या, "यो जुना म्हनून इकतात, पन नवा हाय. भात चिकट व्हनार." शेजारी उभे असलेले एक काका पाच किलोची पिशवी भरत होते. त्यांनी ती निमूटपणे परत पिंपात ओतली.

पुढे एक मुलगी काडीला लोणच्याची फोड टोचून चवीला देत होती. सासूबाईंनी एक खाल्ली, खात्रीसाठी दुसरी खाल्ली, आणि तिसरी खाता खाता तिला सांगितलं की मोहरी कडू झाली आहे. मग फोड किती वाळवायची, तेल किती तापवायचं, हे त्या समजावू लागल्या. आठ-दहा बायका जमल्या. मुलगी रडवेली होऊन मला म्हणाली, "आंटी, प्लीज इनको ले जाओ ना." लोणच्याची बाटली कुणी घेतली नाही, पण कृती तिघींनी लिहून घेतली.

मी त्यांना तेलाच्या डब्यांपाशी नेलं आणि घरून पाठ करून आणलेलं भाषण सुरू केलं. "आई, हे सगळं बारा महिने इथे असतं. हीच आपली आगोट समजा."

त्यांनी जवळच्या हमालाला विचारलं, "क्यू रं भाऊ, बारिश में इधर पानी भरता हाय क्या?"

"भरता है ना, माँजी. पिछले साल दो दिन शटर नहीं खोला."

"आयकलंस?" सासूबाई मला म्हणाल्या. त्या हमालाचे दोन्ही कान उपटावेत असं मला वाटलं.

शेवटी बोंबील आले. प्लॅस्टिकच्या पाकिटात, वर हसऱ्या माशाचं चित्र. सासूबाईंनी अंबाड्यातला आकडा काढला, पाकिटाला भोक पाडलं आणि नाक लावलं. मग दुसऱ्याला. मी हात धरेपर्यंत सहा पाकिटं झाली होती. "ही मासली गेल्या साली मेलीय," त्यांनी निकाल दिला. ती सहाही पाकिटं मला विकत घ्यावी लागणार होती आणि हृतिक हसत होता. तेवढ्यात सासूबाईंनी आकडा परत अंबाड्यात खोचला आणि शांतपणे विचारलं, "तुज्या कार्डावर दुसरा मानूस कोन हाय?"

"कुठल्या कार्डावर?"

"कॅनडाच्या. एका घरातली दोन मानसं, पत्ता एक. एकटा मानूस चौदा दिसांत साठ अंडी खाईल त तो दवाखान्यात असंल. दुसरा कोन?"

हृतिकने माझ्याकडे पाहिलं. मी हसऱ्या माशाकडे पाहिलं.

"शर्लिन," तो म्हणाला. "मी आल्या दिवसापासून सांगणारच होतो, आये. उत्तनची आहे. सेलेस्टिन आंटीची मुलगी. आम्ही लग्न करणार आहोत. तिथे घर पण बघितलंय."

सेलेस्टिन म्हणजे सासूबाईंची बोंबीलवाली. गेली तीस वर्षं दर मे महिन्यात दोघींची जुंपते, आणि तीस वर्षं सासूबाई तिच्याचकडून घेतात.

"ती? जी ओले बोंबील सुके म्हनून इकते?"

"आये, ओले नसतात ते."

"तिनं शिकवलन तुला," सासूबाई म्हणाल्या. मग विचारलं, "घर इकत घेतलंस?"

"घेतोय. म्हणजे आता तिथेच राहणार."

"बरं," त्या म्हणाल्या. मी भांडणाची तयारी केली होती, धर्मावरून, जातीवरून, निदान बोंबलांवरून तरी. काहीच झालं नाही. बाहेर पडेपर्यंत त्यांनी कुठल्याही फळीला हात लावला नाही आणि चारही गोण्या रिकाम्याच परत आणल्या. रिक्षात हृतिक दोनदा "आये" म्हणाला. त्या बाहेरचे ट्रक बघत राहिल्या.

घरी येऊन त्यांनी पाणीही प्यायलं नाही. कमरेची किल्ली काढली, खोलीचं दार उघडलं आणि म्हणाल्या, "हेमांगी, पोती भायेर काढा. पूर्वीचं टेबल आत आना."

मी सहा वर्षं ज्या वाक्यासाठी झुरत होते, ते असं सरळ माझ्यासमोर येऊन पडलं. साईराज पेपर टाकून उठले. हृतिकने बाह्या सरसावल्या, भिंतीला लावलेल्या पन्नास किलोच्या पोत्याला दोन्ही हातांनी मिठी मारली, श्वास रोखून हिसका दिला आणि पोत्यासकट उताणा पडला. पोत्याला वजनच नव्हतं. तोंड सुटून आतून जुनं लुगडं, फाटकी गोधडी आणि पेपरांचे बोळे बाहेर आले.

आम्ही दुसरं पोतं उचललं. तेही तसंच. तिसरं, चौथं, सातवं. खरा तांदूळ दोन पोती, खरा मसाला एका बरणीत, आणि बोंबील कोपऱ्यातल्या एका डब्यात. आमची सगळी आगोट एका पलंगाखाली मावली असती.

"हे काय, आई?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. माझी पोरगी गॅलरीत बसून अभ्यास करते आणि इथे गोधड्यांची पोती.

"खोली रिकामी दिसली असती त तू पूर्वीला दिली असतीस," सासूबाई म्हणाल्या. "देयालाच पायजे व्हती. तुजी चूक न्हाय. पन मंग यो परत आला असता त रायला असता कुठं?"

"मग नऊ दिवस त्याला सोफ्यावर का झोपवलंत?"

"पावन्याला हॉल. खोली घरच्याला." त्या खाली बसून गोधडीची घडी घालू लागल्या. "मी थांबले व्हते. बोलंल, आये, आलो कायमचा. मंग उघडनार व्हते."

हृतिक जमिनीवर बसूनच राहिला. मला सासूबाईंचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी असं वाटलं की त्यांना जवळ घ्यावं. मी ना भांडले, ना जवळ घेतलं. मी झाडू आणला आणि खोली झाडून काढली. तिथे खिडकी आहे हे मी विसरले होते.

इतक्यात पूर्वी कंपासपेटी, तीन वह्या आणि चार्जर घेऊन धावत आली. तिला दारातच अडवलं ते मी. सहा वर्षं या खोलीसाठी कुढले, डाव रचले, काशीमीऱ्यापर्यंत गेले, आणि आता माझाच हात आडवा. मी हॉलमध्ये जाऊन हृतिकची उशी आणि चादर उचलली आणि आत आणून टाकली.

"काकाची सुट्टी संपेपर्यंत थांब," मी पूर्वीला म्हटलं. "बाराच दिवस राहिलेत."

"अकरा," सासूबाई घडीवरून हात फिरवत म्हणाल्या. "आजचा त गेलाच की."