आमच्या घरचे देव पाण्यात होते

मी पितळेचा टोप बोलतोय. नाशिकच्या भांडीबाजारात, दुकानाच्या दर्शनी फळीवर माझं बालपण गेलं. त्यामुळे गप्पांची सवय आहे आणि गिऱ्हाईक पारखायचीही. टिचकी मारून नाद ऐकतो तो घेणारा; शिरताच "शेवटचं बोला" म्हणतो तो वेळ काढायला आलेला.

वृंदाच्या वडिलांनी टिचकी मारली. माझ्या काठावर तिचं नाव कोरलं आणि रुखवतात मी सर्वांत पुढे बसलो. पुढे जावयांची, मनोहररावांची, बँकेतली बदली झाली आणि मीही कोलकात्याला आलो. एवढा मोठा टोप रोज कोण काढणार? माझी सोय देव्हाऱ्याखाली झाली.

तिथं मला वेगळंच काम लागलं. घरात काही अडलं, की वृंदा देव माझ्यात ठेवायची आणि वरून पाणी ओतायची. काम होईपर्यंत बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, सगळे बुडालेले. मुलाच्या, ऋषभच्या, दहावीला ठेवले. तो पास झाला, पेढे देवांना. अभ्यास कोणी केला ते राहिलंच. प्रमोशनसाठी ठेवले, तर ते दुसऱ्याच साहेबांना मिळालं. देव उगाच भिजले. मला वाटायचं, ज्याच्याकडून माल हवा त्यालाच कोंडायचं, असला सौदा आमच्या शेठनं केला नसता!

गेल्या वर्षी मनोहररावांची बायपास ठरली. ऑपरेशनच्या दिवशी ऋषभ हॉस्पिटलात होता. वृंदाचं बीपी वाढलेलं, म्हणून त्यानं तिला घरीच थांबवलं. तिनं देव माझ्यात ठेवले, काठोकाठ पाणी ओतलं.

"हे घरी येईपर्यंत एकालाही बाहेर काढणार नाही, सांगून ठेवते!"

आवाज दटावणीचा, पण माझा काठ काही तिच्यानं सोडवत नव्हता.

तेवढ्यात समोरच्या घोषकाकीमा डबा घेऊन आल्या. देव बघून किंचाळल्याच.

"ओ मा! बिसर्जन दे दिया? आज के दिन ठाकुर को बिदा कर दिया? अब किसको पुकारोगी?"

"नहीं काकीमा, हमारे में ऐसे मनाते हैं..."

"डुबाके मनाते हैं? बच्चा रूठे तो उसको पुकुर में, तालाब में डालोगी क्या?"

वृंदाला हसू आलं, आणि हसता हसताच रडू फुटलं. तिनं एकेक देव बाहेर काढला, पदरानं टिपला. बाळकृष्णाला ओंजळीत धरून म्हणाली, "तुला जमेल ते कर बाबा. आत्ता नुसता जवळ बस."

मग तिघं बसून राहिले. ती, काकीमा आणि तो. फोन आला नव्हता, काहीच ठरलं नव्हतं. तरी तिनं काकीमांचा डबा उघडला आणि सकाळपासूनचा पहिला घास घेतला.

दुपारी ऋषभचा फोन आला. ऑपरेशन नीट पार पडलं होतं.

घरी आल्यावर मनोहररावांनी सगळं ऐकलं. "म्हणजे मी तिकडे आत, हे इकडे आत! यांना जामीन कोणी दिला?"

"काकीमांनी."

"मग मलाही त्यांनीच दिला असणार."

त्या रविवारी वृंदानं मला आतून कल्हई करून आणली, घासून लखलखीत केलं आणि गॅसवर चढवलं. इतक्या वर्षांनी बुडाला आच लागली! मसालेभात झाला. आधी नैवेद्य, मग काकीमांचं ताट, मग पथ्याचा चमचाभर मनोहररावांना. आता दर सणाला मी गॅसवर असतो.

देव माणसाचं किती ऐकतो, ते पितळेला काय कळणार? पण फोन येण्याआधीच वृंदाला काहीतरी मिळालं होतं, ते मी फार जवळून पाहिलं. एवढं पाहायला मिळालं, धन्य झालो.

तुमच्या घरी कधी असं अडलं, तर माझ्या जातभाईला खाली काढा, चार माणसांचं शिजवा. देवांना मात्र बाहेरच राहू द्या, हाताशी.